चार औंस पाला



'माठ आणि कोबी' असा विषय मी कळवला तेव्हा चालकांना थोडी गंमत वाटली असावी. इतिहासाच्या व्याख्यानात भाजीबाजार कशाला, असे त्यांच्यापैकी एकाने फोनवर विचारलेही. मी म्हटले, रायगडावर आणि चिरनेरच्या सत्याग्रहावर अधिकारवाणीने बोलणारी माणसे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. मी सातवी झालेला माणूस. धाटावला हेल्पर म्हणून लागलो, पुढे युनियनचे काम अंगावर आले, आणि जे काही वाचले ते वाटाघाटीच्या टेबलावर कोणी हटकू नये एवढ्यासाठी वाचले. मला येतो तो इतिहास पगाराच्या कागदाचा. त्या कागदावर पालेभाजीची एक ओळ असते. त्या ओळीने मला एकदा चारचौघांत तोंडघशी पाडले. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे हा विषय का घेतला ते ध्यानात येईल.

साल २००६. रोह्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यातला आमचा वेतनकरार संपला होता. त्याच्या आदल्या वर्षी वस्तीत तपासणीचे शिबिर झाले, त्यात कामगारांच्या घरच्या पुष्कळ बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. ते पाहून मी एक चार पानी पत्रक काढले. मथळा होता, 'कोबी सोडा, माठ खा'. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेल्या एका आहारकोष्टकाच्या आधाराने मी त्यात लिहिले होते, की शंभर ग्रॅम माठात साडेपंचवीस मिलिग्रॅम लोह असते आणि कोबीत एक मिलिग्रॅमही नसते. शिवाय माठ कोबीहून स्वस्त आहे, हेही ठळक अक्षरांत छापले होते. पत्रक घरोघर गेले, आणि मला वाटले एक चांगले काम झाले.

पुढे वाटाघाटी सुरू झाल्या. आम्ही कुटुंबाच्या किमान गरजांचा हिशोब मांडला, आणि पालेभाजीच्या ओळीत पेणच्या बाजारातला कोबीचा भाव लावला. कारण उघड होते. कामगारांच्या घरी खरोखर येत होता तो कोबीच. कारखान्याच्या बाजूने बोलणारे अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बॅगेतून माझे पत्रक काढले, माझ्यासमोर सारले आणि शांतपणे विचारले, "माठ कोबीपेक्षा कसदार आणि स्वस्त, असे तुम्हीच लिहिलेले आहे. मग हिशोबाला कोबी कशाला धरता?" मला उत्तर सुचेना. इतक्यात त्यांनी दुसरा कागद काढला. माझ्याच कोष्टकाच्या सुधारित आवृत्तीतल्या पानाची ती नक्कल होती, आणि तीत माठाचे लोह साडेपंचवीस नव्हते, ३.४९ होते. "एवढे दुरुस्त करून घ्या," ते म्हणाले. आमच्याकडचीच दोन माणसे हसली.

मी एका दिवसाची मुदत मागून घेतली. त्या दिवसात काय केले ते मागाहून सांगेन. त्याआधी या दोन भाज्या त्या टेबलापर्यंत पोचल्या कशा, ते पाहू.

माठ आपला जुना शेजारी. संस्कृत वैद्यकग्रंथांतला 'तंडुलीय' तो आपला तांदुळजा. चरकसंहितेच्या शाकवर्गात त्याची नोंद आहे, आणि माठ त्याच्याच कुळातला. पोकळा, राजगिरा, काटेमाठ हे सगळे एकमेकांचे भाऊबंद. आमचे गाव पेण तालुक्यात, खारेपाटाच्या कडेला. भात निघाले की घरामागच्या दोन वाफ्यांत आई माठ टाकी. बी खसखशीएवढे बारीक. तसेच फेकले तर एका जागी दाट पडते, म्हणून ते राखेत कालवून फेकायचे. कळशीने पाणी घालायचे. पंचवीस-तीस दिवसांत वीतभर रोप होते. ते पहाटे उपटायचे, तळ्यावर मुळांची माती धुवायची, केळीच्या सोपटाने जुडी बांधायची आणि पाटी डोक्यावर घेऊन पेणचा बाजार गाठायचा. सकाळी जुडीला भाव असतो. दुपार झाली की पान मान टाकते, मग दोन जुड्यांच्या पैशात तीन द्याव्या लागतात, आणि संध्याकाळी उरलेले शेळीला. बेरीज-वजाबाकी मला शाळेच्या आधी त्या पाटीपाशी आली.

पावसाळ्यात त्याच जागांवर कातकरी आणि ठाकूर बायका बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे असा रानातला माल घेऊन त्या पेणला येतात, रोह्याला येतात. त्यांचा भावही असाच सकाळी एक, दुपारी दुसरा.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून जी मिसळीची भाजी होते तिच्यात माठ आणि अळू लागतेच. बैलाच्या श्रमाची आठवण ठेवणारा असा एक दिवस आपल्या पंचांगात आहे. भाजी निवडणारीच्या श्रमाचा दिवस मला अजून सापडलेला नाही.

आता कोबी. हा पाहुणा, त्याचे नावच परके. पोर्तुगीज भाषेतल्या 'कोव्ह' या शब्दावरून आपण कोबी म्हणू लागलो, जसे बटाटा म्हणतो, अननस म्हणतो, पाव म्हणतो. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या रेवदंड्याला पोर्तुगीजांनी १५२१ साली आपले ठाणे मांडले, आणि १७४० साली ते मराठ्यांच्या हाती आले. मधल्या दोनशे वर्षांची खूण पाहायची असेल तर खाडीपलीकडे कोर्लईला जावे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची बोली आजही घराघरांत बोलली जाते. म्हणजे माझ्या पाटीतल्या माठाशी भांडायला आलेला शब्द फार लांबचा नव्हे, पोर्तुगीज ठाणी होती ती आपल्याच नदीच्या मुखाशी.

कोबीला थंडी लागते. थंडीत त्याचा गड्डा घट्ट बसतो. आपल्या दमट उष्ण हवेत तो तसा बसत नाही. युरोपात तो गरिबाच्या ताटातला पदार्थ होता. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजून दात पडत, माणसे मरत. त्यावर उपाय म्हणून कॅप्टन कुकने १७६८ च्या सफरीत आंबवलेल्या कोबीची पिंपे जहाजावर चढवली होती. तिकडे मजुराची आणि खलाशाची असलेली ही भाजी आपल्याकडे मात्र साहेबाची भाजी म्हणून रुजली. बंगल्याच्या बागेत, छावणीच्या बाजारात ती होई. पुढे नाशिक-पुण्याकडच्या शेतकऱ्यांनी तिचे पीक घेतले, आणि ट्रकचे रस्ते झाले तशी ती घाट उतरून खाली आली.

पेण-रोह्याच्या कामगाराच्या घरात कोबी शिरला तो चवीमुळे शिरला, असे मला वाटत नाही. धाटावला कारखाने उभे राहिले, १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली, आणि माणसांचे दिवस पाळ्यांनी बांधले गेले. सकाळी सातची पाळी असेल तर डबा पहाटे पाचला भरावा लागतो. पहाटे पाचला माठ कोण निवडणार? आदल्या रात्री निवडून ठेवावा तर सकाळपर्यंत तो मलूल होतो. कोबीचा गड्डा आठवडाभर फळीवर पडून राहतो आणि दहा मिनिटांत चिरून होतो. ज्या घरात बाईही कामावर जाते, तिथे तर प्रश्नच मिटला. कँटीनच्या कंत्राटदाराचा तो लाडका, कारण एका माणसाला एका सुरीने शंभर ताटांचा कोबी चिरता येतो. वर आणखी एक गोष्ट होती, आणि ती आम्ही कामगारांनीच केली: खोली घेतली, पंखा आला, तसा माठ 'गावठी' झाला. पाहुणा आला तर कोबी-वाटाणा, घरचीच माणसे असली तर माठ. माझ्या स्वतःच्या घरी हे झालेले आहे, म्हणून बोलतो.

तिसरा भाग कोष्टकाचा. मोजल्याशिवाय एका भाजीला कसदार आणि दुसरीला निःसत्त्व म्हणायचा हक्क कोणाला नाही, आणि आपल्याकडे हे मोजण्याचे काम निलगिरीच्या डोंगरात कुन्नूरला सुरू झाले. रॉबर्ट मॅक्कॅरिसन या डॉक्टराने १९१८ साली तिथे बेरीबेरी रोगाचा तपास हाती घेतला. त्यातूनच पुढे पोषण संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. मॅक्कॅरिसनने हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतले जेवण पांढऱ्या उंदरांना घालून पाहिले. गहू, दूध, डाळ आणि भाजीपाला खाणाऱ्या पंजाबी शिखांच्या आहारावर उंदीर उत्तम पोसले; सडलेल्या तांदळावर भिस्त ठेवणाऱ्या प्रांतांचे जेवण तळाला गेले. आपण भातखाऊ माणसे, तेव्हा हा निकाल आपल्यालाही लागू आहे. भाताच्या ताटात पाला नसला तर ते ताट फार उणे राहते.

मॅक्कॅरिसननंतर १९३५ साली तिथे डॉ. वॉलेस एकरॉइड आले. हा मूळचा आयर्लंडचा माणूस. १९३७ साली त्यांनी हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची एक पुस्तिका काढली. ती सरकारच्या आरोग्य-पत्रिकांच्या मालेत तेविसावी. तीत पदार्थांपुढे आकडे होते आणि समतोल आहार कसा बसवावा याचा आराखडा होता. पुढे ही संस्था हैदराबादला गेली, आणि १९७१ साली डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम वाढवून मोठे पुस्तक केले. जुन्या बाजारात मला मिळाले ते हेच. इंग्रजी अक्षरे मी कष्टाने लावली. आकडे मात्र सगळ्या भाषांत सारखेच असतात.

त्या पुस्तकाप्रमाणे शंभर ग्रॅम कोवळ्या माठात ४ ग्रॅम प्रथिन, कोबीत १.८. चुना, म्हणजे कॅल्शियम, माठात ३९७ मिलिग्रॅम, कोबीत ३९, दहापट अंतर. ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते ते कॅरोटीन माठात साडेपाच हजार मायक्रोग्रॅमच्या वर, कोबीच्या पांढऱ्या गड्ड्यात नाममात्र. हे 'अ' जीवनसत्त्व अंगात कमी पडले की मुलांना रातांधळेपणा येतो. त्यासाठी सरकारला १९७० साली लहान मुलांना त्याचे मोठे डोस पाजण्याची योजना काढावी लागली, आणि माठ तर पाटीत मान टाकून पडला होता. कोबी पुढे गेला तो एकाच खणात: 'क' जीवनसत्त्व कोबीत १२४ मिलिग्रॅम, माठात ९९. कुकच्या खलाशांना तो उपयोगी पडला यात नवल नाही. मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने मरते, आणि कोबी आपण फोडणी देऊन चांगला वाफवतो.

आता लोहाची गोष्ट. १९७१ च्या पुस्तकात माठाचे लोह २५.५ मिलिग्रॅम दिलेले होते. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत लोहाचे आकडे नव्याने मोजून घातले, आणि माठाचे ३.४९ झाले. पालकाचे १०.९ वरून १.१४ वर आले, मेथीचेही असेच उतरले. ज्याच्या आधारावर मी घरोघर पत्रके वाटली तो आकडा सतरा वर्षांपूर्वीच रद्द झालेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पालकाच्या लोहाबद्दल तिकडे युरोपात एक गोष्ट सांगतात, की कोणा जर्मन शास्त्रज्ञाकडून दशांशचिन्ह सरकले आणि म्हणून पालकाची कीर्ती दहापट झाली. २०१० साली इंग्लंडातल्या एका संशोधकाने तिचा माग काढला, तर गोष्टच निराधार निघाली! म्हणजे चूक पकडणाऱ्यांचीही चूक असते. मला त्याने थोडे समाधान मिळाले, पण ते २०१० नंतर. २००६ ला नव्हे.

हैदराबादच्या संस्थेने २०१७ साली देशभरातले नमुने घेऊन सगळे पुन्हा मोजले. त्यात हिरव्या माठाचे लोह सुमारे साडेचार मिलिग्रॅम आले, कोबीचे अर्धा मिलिग्रॅमही नाही. कॅल्शियम माठात सुमारे ३३०, कोबीत सुमारे ५२. आणि ज्या एका खणात कोबी पुढे होता तोही गेला: 'क' जीवनसत्त्व माठात सुमारे ८३, कोबीत सुमारे ३३. थोडक्यात, माठ सरस हे माझे म्हणणे खरे होते, त्याला दिलेला पुरावा खोटा होता. वाटाघाटीत या दोन गोष्टींत फरक राहत नाही. पुरावा पडला की माणूस पडतो.

हेही सांगितले पाहिजे, की कोष्टकातला प्रत्येक मिलिग्रॅम रक्तात जातो असे नाही. माठात ऑक्झॅलेट पुष्कळ असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि अंगी लागू देत नाही. पाल्यातले लोह शरीर मांसमाशातल्या लोहाइतके सहज घेत नाही. वर लिंबू पिळले किंवा जोडीला मासळी असली तर ते जास्त घेते. आमच्याकडे माठात मूठभर सुका जवळा टाकतात. त्या बायकांनी कुन्नूरचे नाव ऐकलेले नव्हते. पण हे शास्त्र आमच्या आज्यांना आधीच ठाऊक होते, अशी बढाई मी मारणार नाही. जवळा स्वस्त होता आणि त्याने भाजीला चव येत होती, इतकेच.

मग हा पाला पगाराच्या कागदावर कसा आला? मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, आणि फिंडले शिरास यांनी तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध केला. त्या कामगारांत आपल्या कुलाबा जिल्ह्यातून गेलेली माणसेही होती. (तरुणांसाठी सांगतो, १ जानेवारी १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते.) त्या अहवालात एक तुलना आहे, ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. मुंबईचा कामगार जे धान्य खातो ते दुष्काळी कामावरच्या मजुराला कायद्याने द्यायच्या कमाल धान्याइतके आहे, आणि मुंबईच्या तुरुंगात कैद्याला जेवढे देण्याचा नियम आहे त्यापेक्षा कमी आहे. हे कोणा चळवळ्याचे भाषण नव्हे. सरकारी अधिकाऱ्याने सरकारी छापखान्यात छापलेले वाक्य आहे.

त्यानंतर पस्तीस वर्षांनी, जुलै १९५७ मध्ये, नवी दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. श्रममंत्री गुलझारीलाल नंदा अध्यक्ष होते. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून तिथे ठरवले, की किमान वेतन गरजेवर बेतावे. नवरा, बायको आणि दोन मुले यांचे तीन 'घटक' धरावेत. डॉ. एकरॉइड यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक घटकाला रोज २,७०० कॅलरी मिळाव्यात. वर्षाला घरात ७२ वार कापड, घरभाडे, आणि दिवाबत्ती, सरपण वगैरेसाठी आणखी २० टक्के. हा ठराव कामगार चळवळीत एकरॉइड सूत्र म्हणून ओळखला जातो. तीन घटकांची फोड अशी: नवरा एक, बायको ०.८, मुले प्रत्येकी ०.६. ज्या बाईने भाजी निवडायची, शिजवायची आणि वाढायची, ती या हिशोबात आठ दशांश माणूस आहे.

एकरॉइडच्या समतोल आहारात धान्य १४ औंस, डाळ ३ औंस, दूध १० औंस, आणि पालेभाजी ४ औंस. चार औंस म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. तीन घटकांचे रोज ३४० ग्रॅम, महिन्याला दहा किलोच्या वर. मालकांचे हिशोबनीस इथे एक चलाखी करतात. चार औंस माठातून कॅलरी मिळतात सुमारे पन्नास. २,७०० मध्ये पन्नास म्हणजे काय? तेवढा तांदूळ वाढवला की ओळ काढून टाकता येते. पण एकरॉइडने पाला घातला होता तो कॅलरीसाठी नव्हेच. तो घातला होता डोळ्यांसाठी, हाडांसाठी आणि रक्तासाठी.

ठराव झाला, पण त्याच्यामागे कायद्याचे बळ नव्हते. त्याच सुमाराच्या दुसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाने ही पातळी देशाला परवडणारी नाही म्हणून ८० रुपये किमान पगार सुचवला, आणि जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांनी संप केला. १९६३ साली मुंबईत महागाईच्या निर्देशांकाच्या चुकांवरून मोठे आंदोलन झाले, प्रा. लकडावाला यांची समिती बसली. बाजारातला कुठला जिन्नस धरला आणि कुठल्या दर्जाचा धरला, यावर गिरणी कामगाराचा महागाई भत्ता ठरतो, हे तेव्हा सामान्य माणसालाही कळले. पुढे १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या पाच कलमांना सहावे जोडले: मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी २५ टक्के. २०१९ च्या वेतन संहितेखाली नियमांचा जो मसुदा निघाला त्यातही २,७०० हाच आकडा आहे. वारांचे मीटर झाले, ७२ चे ६६; कॅलरी तेवढ्याच राहिल्या.

आता २००६ च्या त्या मुदतीच्या दिवसाकडे येतो.

मी रोह्याहून पेणला आलो, बाजारातून एक किलो भरेल एवढ्या माठाच्या जुड्या घेतल्या, एक किलोचा कोबीचा गड्डा घेतला आणि गावी गेलो. आई तेव्हा सत्तरीला आली होती. तिला सगळे सांगितले. तिने सूप पुढे ओढले आणि निवडायला बसली. मी घड्याळ लावले. मुळे, जून देठ, पिवळी पाने, सोपट बाजूला काढून झाल्यावर स्वच्छ पाला काट्यावर घातला तर भरला ४१० ग्रॅम. वेळ लागला पाऊण तास. कोबीची वरची दोन पाने आणि बुंधा काढला, उरला ८७० ग्रॅम; दहा मिनिटांत चिरून झाला. म्हणजे कुटुंबाच्या रोजच्या ३४० ग्रॅमसाठी माठ घ्यावा लागतो सव्वाआठशे ग्रॅमच्या पुढे, आणि कोबी चारशेच्या आत. कोष्टकात 'खाण्याजोगा भाग' म्हणून एक खण असतो, त्यावर माझी नजर कधी थांबलीच नव्हती. मिलिग्रॅम पाहत बसलो आणि किलो विसरलो!

मी आनंदाने हिशोब मांडत होतो. आई देठ सोलत होती, कारण ती ते टाकत नाही, वालात घालते. मध्येच ती म्हणाली, "माठ सस्ता नाय रं. मी सस्ती हाय."

मी लिहिता लिहिता थांबलो. जुडीच्या भावात बी होते, राख फुकटची होती, तळे गावाचे होते, आणि उपटणे, धुणे, बांधणे, चार मैल चालणे यांचे पैसे कुठेच नव्हते. शेतमजुरीचा किमान दर लावला असता तर ती जुडी कोबीच्या वर गेली असती. मालक म्हणत होता, स्वस्त भाजी धरा. मीही पत्रकात तेच म्हटले होते. ती स्वस्त कोणाच्या जिवावर, हे त्याने विचारले नाही आणि मीही नाही; आणि माझी तर ती आई होती.

दुसऱ्या दिवशी मी आधी लोहाच्या आकड्याची चूक टेबलावर कबूल केली. मग वजने मांडली. ते गृहस्थ म्हणाले, "देठही खाता ना तुम्ही?" मी म्हटले, खातो, पण कोष्टकातले आकडे पाल्याचे आहेत, देठाचे नाहीत. ते हसले. शेवटी पालेभाजीच्या ओळीत निवडलेल्या माठाचा आणि कोबीचा भाव काढून त्यांची सरासरी धरावी, असे ठरले. खरे सांगायचे तर त्याने महिन्याला काही रुपयांचाच फरक पडला. तो करार पुढे उत्पादनाच्या आणि ओव्हरटाइमच्या मुद्द्यांवर अडला आणि त्यांवरच सुटला. पत्रक मी पुन्हा छापले, लोहाचा आकडा बदलून. मथळ्यातून 'कोबी सोडा' हे शब्द काढले, कारण पहाटे पाचला डबा भरणाऱ्या बाईला ते सांगण्याचा मला काय अधिकार?

त्यानंतरच्या करारासाठी मागण्यांचा मसुदा केला तेव्हा मी अन्नाच्या खर्चाखाली एक नवी ओळ घातली: 'पालेभाजी निवडणे व शिजवणे, रोज एक तास, शेतमजुरीच्या किमान दराने.' आमच्या कमिटीतल्या दोघांनी ती आधीच काढायला सांगितली होती. मी ठेवली. मसुदा परत आला तेव्हा त्या ओळीवर तांबड्या शाईची रेघ होती आणि बाजूला समासात लिहिले होते, 'विषयाबाहेर'. आई तोवर गेली होती. तो कागद माझ्या फायलीत आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी व्याख्यानानंतर मागावा, मी बरोबर आणला आहे.